बाहेर काढायचं बटण

आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. समितीतल्या एका तरुण शिक्षकाने परवा फोन केला. म्हणाला, "टीचर, रेजिना टीचरांवर दोन पानं द्या ना. तुम्ही त्यांच्या जवळच्या. जरा गोड लिहा, हां? तंत्रस्नेही शिक्षिका, मायाळू स्वभाव, असं. ते शेवटचं प्रकरण नको."

मी हो-नाही न म्हणता फोन ठेवला आणि बराच वेळ धुमसत बसले. मायाळू! रेजिना टीचरांना जाऊन वर्ष झालं नाही तोवर यांनी त्यांना साखरेत घोळायला घेतलं. ज्या बाईला मी जवळजवळ रोज कुणावर तरी ओरडताना पाहिलं, ज्यांचा राग हाच त्यांच्यातला सगळ्यात कामाचा भाग होता, त्यांचा राग वगळून लिहायचं म्हणजे लिहायचं तरी काय? चष्मा आणि स्कूटर? स्मरणिकेला मी पानं दिली नाहीत. ही लिहिते आहे ती माझ्यासाठी.

रेजिना टीचर आमच्याकडे मराठी शिकवायच्या आणि कॉम्प्युटरची खोलीही त्यांच्याच ताब्यात होती. सांडोरला केळीच्या वाडीत त्यांचं घर. नवरा आखातात नोकरी करून परतलेला, शांत माणूस. मुलगी लग्न होऊन परदेशात. मी विज्ञान शिकवायचे आणि नायगावहून यायचे. त्या कडक इस्त्रीची सुती साडी नेसायच्या आणि तिच्याखाली पळायचे बूट घालायच्या. "शाळेत दिवसभर धावायचंय. चपला कशाला?" एवढाच खुलासा.

कुठलंही नवं सॉफ्टवेअर शाळेत आलं की त्या त्याची परीक्षा घ्यायच्या. आधी एक वाक्य लिहून बघायच्या: 'दर्याकाठी दऱ्या नसतात.' दर्या आणि दऱ्या हा फरक ज्याला जमला नाही ते त्यांच्या लेखी तिथेच नापास. "समुद्राची दरी करतंय हे. वसईत राहून हे मुलांना शिकवू?" असं म्हणून त्या ते तत्काळ काढून टाकायच्या. त्यात पास झालं की आठवीच्या सगळ्यात द्वाड तुकडीपुढे एक तास सोडायच्या. त्या पोरांच्या हातून जे मोडलं नाही ते शाळेत राहायचं. आणि शेवटचा प्रश्न असायचा तो आणणाऱ्याला. "ह्यात टाकलेलं बाहेर काढायचं बटण कुठंय?"

या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक विक्रेते हसायचे. टीचर हसायच्या नाहीत.

मुलांना त्या इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलकच शिकवायच्या. इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवणारी पोरं त्यांना दिसली की त्यांचा पारा चढायचा. डावीकडच्या सगळ्या कळा त्यांनी स्वतःच्या हाताने लाल नेलपॉलिशने रंगवल्या होत्या. "डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजन. दोन्ही हातांनी राबल्याशिवाय शब्द होत नाही. संसार असाच असतो, कळेल पुढे." मुलं हसायची, पण महिनाभरात न बघता टंकायची. वसईच्या कितीतरी कचेऱ्यांत आज जी मुलं सफाईनं मराठी टाइप करतात, त्यांच्या बोटांत टीचरांचा ओरडा आहे.

स्वतःच्या कामासाठी त्यांना नटवी ॲपं आवडत नसत. मी एकदा कामांची आठवण करून देणारं एक रंगीत ॲप त्यांना दाखवलं. त्यात काम पूर्ण झालं की फुलं उमलायची. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन पर्समध्ये ठेवला. त्यांच्या पडद्यावर 'आज' नावाची एक साधी फाइल असायची. सकाळी तिच्यात कामं लिहायची, झालं ते पुसायचं, रिकामी झाली की घरी जायचं. "फुलं वाडीत आहेत," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मनातलं खरं काम मात्र वेगळं होतं, आणि तेच पुढे सगळ्याच्या मुळाशी आलं.

सांडोरच्या आणि आसपासच्या जुन्या घरांत स्वतःची अशी बोली आहे. नातवंडं ती समजतात, बोलत नाहीत. टीचरांनी वर्गातल्या मुलांना आपापल्या आजीकडे पाठवायला सुरुवात केली. फोनवर आजीचा आवाज घ्यायचा: लग्नातली गाणी, केळीच्या जाती, भांड्यांची नावं, शिव्यासुद्धा. मग शाळेत ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरवर तो आवाज साफ करायचा, पंख्याची घरघर काढायची आणि खाली शब्द टंकायचे. लिहिताना जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली कॉम्प्युटर लाल रेघ ओढायचा. टीचर त्या रेघेवर डाफरायच्या, "तुला येत नाही म्हणून आजी चुकली काय?" आणि मुलांकडून एकेक शब्द शब्दकोशात घालून घ्यायच्या. हळूहळू लाल रेघा कमी झाल्या. एके दिवशी एका मुलीच्या आजीचं अख्खं गाणं एकाही रेघेशिवाय पडद्यावर उभं राहिलं, तेव्हा टीचर उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांना गप्प झालेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं.

या आवाजांची एक प्रत खोलीतल्या कॉम्प्युटरवर होती आणि दुसरी एका हार्ड डिस्कवर, मोठ्या सरांच्या म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटात. मी एकदा म्हटलं, "टीचर, एक तुमच्या घरी ठेवा." त्यांनी झटकून टाकलं. "बायांनी आवाज शाळेला दिलाय. घरी नेला की तो रेजिनाचा होईल. उद्या ह्याच बाया विचारतील, कोणाला विचारून नेलास?"

शाळा बंद होऊन फोनवर शिकवायचे दिवस आले आणि गेले. ते संपता संपता ॲपवाल्यांचं पीक आलं. त्यातल्याच एका कंपनीशी आमच्या संस्थेने करार केला. शिक्षकांचं सगळं साहित्य त्यांच्या ॲपवर चढवायचं, मुलांना टॅब मिळणार, जुने कॉम्प्युटर कंपनी घेऊन जाणार. माहिती द्यायला टाय लावलेला एक मुलगा आला होता. त्याचं बोलणं चालू असतानाच टीचरांचा हात वर गेला.

"बाहेर काढायचं बटण कुठंय?"

"मॅम, बाहेर काढायची गरजच नाय पडणार. सगळं आपल्याकडे सेफ राहतं."

"आपल्याकडे म्हणजे कोणाकडे? तुमच्याकडे की आमच्याकडे?"

"मॅम, तसं ते कंपनीकडे, पण ॲक्सेस तुम्हालाच आहे."

"म्हणजे माझी चीज तुझ्या घरात, आणि चावी तू देशील तेव्हा. बटण आहे की नाही तेवढं सांग."

मुलाने मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठे सर म्हणाले, "टीचर, प्रत्येक गोष्टीत खोट काढायची तर प्रगती कशी व्हायची? वरून आदेश आहे." खोलीतले बाकीचे शिक्षक चहाच्या कपात बघत होते. टीचर उभ्याच होत्या. "मला प्रगती नको म्हणाले मी? मला बटण पाहिजे म्हणाले."

बटण नव्हतं. तरी आदेशाप्रमाणे आजींचे आवाज ॲपवर चढले. टीचर स्वतः बसून चढवत होत्या, कारण दुसऱ्याने केलं तर नावं चुकतील. प्रत्येक फाइलला आजीचं नाव, गाव, नातवाचं नाव. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांची आई आजारी होती म्हणून त्या शाळेकडे फिरकल्या नाहीत. जूनमध्ये परत आल्या तर कॉम्प्युटरची खोली धुऊन-पुसून रिकामी होती आणि मोठ्या सरांचं कपाटही. कपाटातली डिस्क कंपनीच्या माणसांनी 'जुनं सामान' म्हणून नेली होती. कोणी दिली? शिपायाने. शिपायाला कोणी सांगितलं? कोणी नाही. असा तो प्रकार.

"ॲपवर आहे ना सगळं," मोठे सर म्हणाले. "उगीच आकांडतांडव नको."

ॲप पुढच्या दिवाळीपर्यंत चाललं. मग एका सकाळी उघडेना. आधी आम्हाला वाटलं शाळेचं नेट गेलंय. मग कळलं, कंपनीच बंद पडली. टाय लावलेल्या मुलाचा फोन लागला, तो बिचारा म्हणाला, "मॅम, माझाच तीन महिन्यांचा पगार अडकलाय." मोठ्या सरांनी संस्थेला कळवलं, संस्थेने पत्र पाठवलं, आणि पत्राचं उत्तर देणारं पलीकडे कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी टीचर ओरडल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटली. मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात त्या आजींची नावं घेऊ लागल्या. या गेल्या, त्या गेल्या, या अंथरुणावर आहेत, यांना आता ओळख पटत नाही. मग म्हणाल्या, "नीलम, मीच गाढव. शाळेवर विश्वास ठेवला. घरी का नाही नेलं मी?" त्यांनी बाकावर इतक्या जोरात मूठ आपटली की डबे उडाले.

त्यानंतर त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मागे लागल्या. कंपनीने ते कोणाला विकले असतील? कुणीतरी सांगितलं, गोखिवऱ्याला भंगारवाल्यांचे गाळे आहेत, बघा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. आम्ही एकेका गाळ्यात जाऊन विचारत फिरलो. सगळीकडे फुटलेले मॉनिटर आणि वायरींचे ढीग होते. टीचर ढिगात वाकून कीबोर्ड उचलायच्या, बघायच्या, टाकायच्या. मला आधी कळेना त्या काय शोधताहेत. मग एका गाळ्यात त्या एकदम ओरडल्या, "हा बघ!" त्यांच्या हातातल्या कीबोर्डच्या डावीकडच्या कळा लाल होत्या.

गाळेवाला म्हणाला, "मॅडम, इसमें का आधा माल तो निकल गया. बाकी उधर पड़ा है." उरलेल्यात आमच्या शाळेची काही डबडी निघाली. टीचरांनी त्याला सगळी हकीकत हिंदीत सांगितली. त्यांचं हिंदी भयंकर होतं आणि राग त्याहून भयंकर. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "डिस्क निकाल लो. काम हो जाए तो वापस दे देना."

डिस्क पुसलेल्या होत्या. पण घाईने पुसलेल्या, वरवर. टीचरांनी मिटवलेल्या फाइली शोधून काढणारं एक फुकट सॉफ्टवेअर मिळवलं. काळी खिडकी, पांढरी अक्षरं, एकही चित्र नाही, त्यांच्या पसंतीचंच. घरी जेवणाच्या टेबलावर डिस्क जोडून त्या रोज शाळेतून आल्या की बसायच्या. त्यांचे यजमान बाजूला पाव आणि आमटी झाकून ठेवायचे. हळूहळू आवाज परत यायला लागले. काही अर्धे, काही खरखरणारे, काही धडधाकट. पण एकाही फाइलला नाव नव्हतं. त्या सॉफ्टवेअरला फाइलचं पोट सापडतं, नाव सापडत नाही. एवढ्या निगुतीने टाइप केलेली आजीची, गावाची, नातवाची नावं गेली होती आणि उरले होते नुसते आकडे घातलेले आवाज. काही टीचरांनी स्वतः ओळखले. बरेचसे नाही.

मग त्यांनी फादरना गाठलं. रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये स्पीकर लावला, लोकांना थांबायला सांगितलं. आधी कारण सांगितलं, आणि ते त्यांच्या पद्धतीने सांगितलं. शाळेने काय केलं, कोणी कपाट उघडं टाकलं, कोणाला बटण विचारलं होतं, सगळं. पुढच्या रांगेत संस्थेचे एक पदाधिकारी बसले होते. ते उठून गेले.

फादर पुढे झाले. "रेजिना, शांत हो."

"फादर, शांत राहूनच हे झालंय," त्या म्हणाल्या आणि पहिला आवाज लावला.

एक म्हातारी केळीच्या जाती सांगत होती. मध्येच कुत्र्याला हाकलत होती, मध्येच हसत होती. हॉलमध्ये चुळबुळ थांबली. मागे दाराशी हातात हेल्मेट घेऊन एक माणूस उभा होता. तो म्हणाला, "आई." एवढंच. मग मोठ्यानं म्हणाला, "टीचर, ही माझी आई आहे. ते कुत्रं पण आमचंच." टीचरांनी नाव टंकून घेतलं. दुसरा आवाज, तिसरा. कोणी मावशी ओळखली, कोणी शेजारीण. एक मुलगी आजीचं गाणं ऐकता ऐकता रडायला लागली आणि तिला रडताना पाहून तिची आई.

मग एक आवाज लागला तो कुणालाच ओळखता येईना. स्पष्ट, छान आवाज. लग्नात नवरीला हळद लावतानाचं गाणं. टीचरांनी तो पुन्हा लावला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिसऱ्यांदा लावला. कोणी नाही.

"तुमच्यातल्याच कोणाची तरी आहे ही!" टीचर ओरडल्या. "ह्याच गावची आहे! कोणाच्या तरी हळदीला गायलीय! जेवलात ना त्या लग्नात? मग एकालाही आवाज आठवू नये?"

मला वाटतं, त्या दिवशी तिथे बसलेल्यांतले बरेच जण घरी गेल्यावर आपापल्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन बसले असतील. निदान मी माझ्या आईला फोन केला.

पुढच्याच आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. बदनामी, शिस्तभंग, लेखी माफी. ते मेलने आलं आणि संस्थेच्या कार्यालयात अजून जुनाट फॉन्ट चालत असल्याने टीचरांच्या कॉम्प्युटरवर ते उघडलं तेव्हा त्यात नुसते कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि उद्गारचिन्हं होती. टीचरांनी उलट टपाली लिहिलं: 'आपलं पत्र मिळालं. त्यात एकही मराठी अक्षर नाही. कृपया मराठीत पाठवावं.' स्टाफरूममध्ये आम्ही हसून लोळलो. संस्थेत कोणी हसलं नाही. दुसरं पत्र कागदावर, शिक्का मारून, शिपायाच्या हाती आलं.

माफी त्यांनी मागितली नाही. मोठ्या सरांनी मध्यस्थी केली. म्हणाले, "दोन ओळी लिहून द्या, विषय संपवू. तुमच्या भल्यासाठी सांगतोय." टीचर म्हणाल्या, "मी लिहीन. आधी तुम्ही त्या आज्यांना दोन ओळी लिहा." सरांनी लिहिलं नाही. टीचरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभ झाला नाही, आणि तेव्हा संस्थेचे लोक खासगीत म्हणत होते, बाई हुशार, पण भांडखोर. आज तेच लोक 'मायाळू' म्हणताहेत. माणूस भांडायचा थांबला की लगेच मायाळू होतो, हा शोध मला शाळेने लावून दिला.

घरी बसून त्यांनी सापडलेले सगळे आवाज एका फुकट, सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवले. कोणीही ऐकावे, कोणीही उतरवून घ्यावेत. बाहेर काढायचं बटण प्रत्येक पानावर, पहिल्याच ओळीत. जे आवाज कायमचे गेले त्यांच्यासाठीही त्यांनी पानं केली. वर आठवणीतून लिहिलेलं आजीचं नाव आणि गाव, आणि खाली एकच वाक्य: 'हा आवाज शाळेकडे होता. शाळेने घालवला.' संस्थेने ती वाक्यं काढायला सांगितली. ती आजही आहेत. हळदीच्या गाण्याच्या पानावर नावाची जागा अजून मोकळी आहे.

त्यानंतर आमची भेट कमी झाली. फोनवर त्या दम लागल्यासारख्या बोलायच्या. हृदयाचं दुखणं होतं हे मला उशिरा कळलं, कारण त्या विषय काढला की चिडायच्या.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नायगावलाच, माझ्या घराजवळ. आमच्या टॉवरच्या पुढे खाडीच्या बाजूला आणखी एका टॉवरचा पाया घालायचं काम चाललं होतं. मोठं यंत्र लोखंडी खांब जमिनीत ठोकत होतं. प्रत्येक ठोक्याला आमच्या खिडक्या थरथरायच्या. मी भाजी घेऊन परतत होते. रस्त्याच्या कडेला दगडावर एक खूप म्हातारी बाई बसली होती, मिठागरावर जन्म घालवलेली असावी अशी, रापलेली. तिच्यासमोर एक स्टूल होतं, स्टुलावर रुमालात गुंडाळलेला फोन. पण समोर बसलेलं कोणी नव्हतं.

टीचर पत्र्याच्या कुंपणाच्या आत होत्या. त्या यंत्राच्या अगदी पुढ्यात उभ्या राहून, दोन्ही हात वर करून, वरच्या केबिनमधल्या माणसाशी भांडत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते. सुरक्षारक्षक त्यांना बाजूला घ्यायला बघत होता आणि त्या त्याचा हात झटकत होत्या. केबिनमधला माणूस आधी हसला, मग खाली वाकून ऐकू लागला. मग त्याने काहीतरी ओढलं आणि यंत्र थांबलं.

इतके दिवस त्या ठोक्यांची सवय झालेली, म्हणून शांतता अंगावर आल्यासारखी वाटली. टीचर पळत आल्या. खरोखर पळत, छातीवर हात दाबून. स्टुलासमोर बसकण मारली, फोनचं बटण दाबलं. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून असे डोळे वटारले की मी भाजीची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"हं, आजी," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं दिलीयत त्यानं. आता सांगा."

म्हातारीने घसा साफ केला. "पानी आधी जिभंवर घ्यायचं," ती म्हणाली. "मंग कलतं, मीठ कवा धरनार ते…"